लेखाशीर्ष : दलदल

यंदा संरक्षण खात्याकडून
आमच्या पंचक्रोशीला पैसे आलेत
चिखल करण्यासाठी.

हसू नका.
पस्तीस वर्षं मी या कचेरीत हिशेब लिहितेय.
चार चलनं बदलली, एक देश बदलला,
खुर्ची तीच, तिचा डुगडुगता पायही तोच.
पण जमेच्या बाजूला 'दलदल' हा शब्द
माझ्या हातून पहिल्यांदाच लिहिला गेला.

रिगाहून मेजर इल्गोनिस आला.
कोवळा पोरगा, थंडीने कान लाल,
बुटांना अजून दुकानाचा वास.
माझ्या टेबलावर त्याने नकाशा पसरला,
उडू नये म्हणून वर माझाच चहाचा कप ठेवला.
म्हणाला, रणगाडा पंचेचाळीस टनांचा असतो.
तुमची कुरणं त्याला पेलतात.
ती पेलायला नकोत.

म्हणजे चर बुजवायचे.
बाबांनी खणलेले.

बासष्ट साली, सामुदायिक शेतीवर,
बाबा आणि त्यांची टोळी गुडघाभर पाण्यात
बर्फ वितळल्यापासून बर्फ पडेपर्यंत.
म्हातारपणी सांगायचे, एकशे अठरा किलोमीटर पाणी
मी बोटाला धरून मेल्नुपे नदीपर्यंत पोचवलं.
बदल्यात मिळालं पत्र्याचं पदक आणि सांधेदुखी.
पदक कुठेतरी हरवलं.

शाळेत सभा झाली.
मेजरने फळ्यावर टक्के लिहिले :
देशाच्या शंभरातले पाच.
व्हिज्मा उठली. अकरा गायी तिच्या,
मुलगा आयर्लंडात आळंबी खुडतो.
म्हणाली, शंभर कुणाचे ते आधी सांग.
आणि माझ्या गायी पोहणार का?
लोक हसले. मेजरही हसला,
मग वहीत काहीतरी लिहून घेतलं.
हेक्टरी भरपाई किती, ते त्याला माहीत नव्हतं.
मला होतं.

त्याच आठवड्यात संगीतशाळेच्या छपराचा अर्ज
तिसऱ्यांदा परत आला. 'निधी उपलब्ध नाही.'
आता पियानोवर ताडपत्री आहे
आणि मुलं तोंडानेच सूर मोजतात.
दोन्ही कागदांवर सही माझीच.

का केलीस, असं व्हिज्माने विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी आईची पिशवी सांगितली असती :
वाळवलेला पाव, लोकरी मोजे, मीठ.
दाराआडच्या खुंटीवर, मरेपर्यंत.
दर शरदात पाव बदलायची.
रात्री गाडीचा आवाज आला की
आधी पिशवीकडे बघायची, मग आमच्याकडे.
तिच्या हिशेबात टक्के नव्हते.

मार्चमध्ये पाणी परत आलं.
गाजावाजा न करता,
लांबून माहेरी आलेली बाई जशी
मागल्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरते.
आधी लव्हाळे, मग बेडूक,
मग बर्चची झाडं उभ्याउभ्या मरायला लागली.

जूनमध्ये लेखापरीक्षक आले.
म्हणाले, एवढा खर्च झाला, तर वस्तू दाखवा.
घेऊन गेले. दहा पावलांत
त्यांचा डावा बूट आत राहिला.
एका मोज्यावर उभं राहून ते म्हणाले,
बाई, यात कुठेतरी पाणी मुरतंय.
म्हटलं, हो साहेब, सगळंच.
पावत्या आहेत.

घरी जाताना मी एकटीच पुन्हा तिथे गेले.
बाबांचा पहिला चर शोधला.
लाल खुंटी सापडली, चर नाही.
एक पाय पुढे टाकून बघितला :
जमीन थरथरली, दुधावरच्या सायीसारखी.
मी चौसष्ट किलोची. मला नाही पेललं.
पंचेचाळीस टनांचं मी काय सांगणार?
ते येतील का, हे मेजरलाही माहीत नाही.
आले नाहीत, तर पैसा पाण्यात गेला म्हणतील.
तसं म्हणायला ते सगळे असोत, एवढंच.

व्हिज्माने दहा गायी विकल्या.
अकरावी, झीमुल्या, म्हातारी, कुणी घेतली नाही.
ती काठाशी आली आणि थांबली.
खुराने एकदा जमीन चाचपली,
मान खाली घालून पाणी प्यायली सावकाश,
मग माझ्याकडे बघत राहिली,
जणू सही कुणाची आहे
हे तिला कुणीतरी सांगितलंय.